बारा ते चारचं ऊन

"ओ मॅडम, आमच्या झाडाला ताप आलाय का?"

मी करंजाच्या फांदीला थर्मामीटर बांधत होते. एका पायाखाली टोमॅटोचा उलटा क्रेट, दुसरा पाय बुंध्याच्या खोबणीत आणि दातांत सुतळी. अशा अवस्थेत कुणाला उत्तर देता येत नाही... आणि खाली उभा असलेला माणूस तर उत्तराची वाट बघत मजेत हसत होता.

सुतळी हातात घेऊन मी म्हटलं, "झाडाला नाही. झाडाखाली भाकरी खायला बसतात, त्यांना येतो."

"मग त्यांच्याच काखेत लावा की."

"लावला असता. पण तेवढी उसंत तुम्ही त्यांना देता कुठे?"

एवढं म्हणायला आणि पायाखालचा क्रेट कलंडायला एकच गाठ पडली. तो झटकन पुढे आला. त्याने मला नाही, क्रेट धरला. दोन्ही हातांनी, घट्ट, आणि मान पार खाली घालून—माझी साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली होती म्हणून. मी गाठ मारून खाली उतरेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मला वाटतं, तो मला तेव्हाच थोडासा आवडला होता. पण हे मला कळायला बरेच दिवस लागले.

"तू... बायडाबाईंची तेजू ना?" त्याने विचारलं.

"आणि तुम्ही धर्माजी अण्णांचे विघ्नेश."

"शाळेत तुझ्या दोन वर्ग पुढे होतो मी. तेव्हा तुम्ही-बिम्ही नव्हतं. 'ए विघ्ना, बाजूला हो' म्हणायचीस."

"तेव्हा मी तुमच्या बांधावर उभी नव्हते."

तो हसायचा थांबला. मार्चचा शेवटचा आठवडा होता. समोर त्यांचा पाच एकर टोमॅटो, तारेवर चढवलेला, आणि ओळींमध्ये वाकून फांद्या बांधणाऱ्या नऊ बाया. त्यांत माझी आईही होती.

आमचं गाव बोरदरा. जुन्नरहून एसटीने अर्धा तास. वर गावठाणात धर्माजी अण्णांसारख्यांची जुनी शेतकरी घरं, खाली ओढ्याकाठी आमची बौद्ध वस्ती. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आईने दुसऱ्यांच्या रानात खुरपून मला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं. बरोबरच्या मैत्रिणी पुण्यात नोकरीला लागल्या, आणि मी जुन्नरच्या एका छोट्या संस्थेची अकरा थर्मामीटर घेऊन गावात परतले. चार गावांतल्या मजूर बायांनी स्वतःच नोंद ठेवायची असं ठरलं होतं. दुपारी रानात पारा किती, काम किती वेळ, पाणी किती प्यायलं, चक्कर आली का. उन्हाळा दरसाल कडक होत चाललाय हे सगळेच म्हणत होते. तो कुणाच्या डोक्यावर पडतो, ते मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

आईला मी हवामान बदल म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली होती, "आपल्या वस्तीत दोन फटफट्या नि येक फ्रीज. आपुन कवा तापवलं गं जगाला?"

विघ्नेशने माझ्या हातातली वही मागितली. पानं उलटता उलटता एका रकान्यावर थबकला.

"पाणी, दिवसभरात एक तांब्या? एवढंच? अगं, टाकी भरलेली असते. घरून थंड बाटल्या येतात."

"येतात."

"मग पीत का नाहीत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. खरंच माहीत नव्हतं त्याला. "प्यायलं की जावं लागतं," मी म्हटलं. "कुठे जायचं? इकडून रस्ता, तिकडे पिकअपवाले उभे. आडोसा आहे का कुठे?"

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग वही परत देऊन निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मी नोंद घ्यायला आले, तर बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवलेले, त्यांना हिरवी शेडनेट दुहेरी गुंडाळलेली, आत फरशी, बादली, तांब्या... दाराला आतून कडीसुद्धा! बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर प्रयागबाई, आमची शेजारीण. तिला तर हसू आवरेना.

"काय झ्याक म्हाल बांधलाय विघ्नेशरावांनी! सरपंचाला बोलवा, फीत कापा!" मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्या सांगण्यावरनं बांधला म्हणं. लोकं बंगलं बांधत्यात, गाड्या घेत्यात... तुझं नशीब बघ, तेजे!"

"मावशे, गप गं!"

पण दिवसभर माझं हसू ओठांच्या कोपऱ्यात अडकून राहिलं होतं. त्या आठवड्यात वहीतला पाण्याचा रकाना बदलला. दोन तांबे. तीन तांबे.

बाकीच्या तीन गावांतही मला जावं लागे, म्हणून करंजावरचा आकडा रोज दुपारी दोनच्या सुमारास विघ्नेश फोनवर पाठवू लागला. आधी नुसता आकडा. चौथ्या दिवशी आकड्याखाली एक ओळ आली.

"३९.२. करंजाची तब्येत बरी आहे. विचारणारीची?"

मी लिहिलं, "नोंदवहीत शेरे लिहायची पद्धत नाही."

"मग एक रकाना वाढव."

पुढच्या दिवशी : "४०.१. कलिंगड कापलंय. एक फोड तुझ्या नावाने काढून ठेवली आहे. आंबायच्या आत ये."

मी गेले नाही. म्हणजे... दोन दिवसांनी गेले. कलिंगड दुसरं होतं, फोड मात्र माझ्याच नावाची निघाली. करंजाच्या सावलीत बसून तो बिया हातात गोळा करत होता, कारण माझ्यासमोर थुंकायची लाज वाटत होती त्याला. मी मुद्दाम एक बी लांब उडवली. मग त्याने. त्याची जास्त लांब गेली.

"शेतीच्या पदवीला हेच शिकवलं का?" मी विचारलं.

"हो. प्रॅक्टिकलला पहिला आलो होतो."

एप्रिल लागला आणि त्याने मला त्याची रोपवाटिका दाखवायला नेलं. टोमॅटोच्या रानाला लागूनच होती, मध्ये फक्त एक बांध. पुण्याची नोकरी सोडून त्याने ती स्वतः उभी केली होती. आत पाऊल टाकलं आणि अंगाला एकदम गारवा लागला. डोक्यावर हिरवी जाळी, खाली ट्रेमध्ये बोटभर उंचीची हजारो रोपं. तो त्यांच्यातून चालताना आवाजही खाली आणत होता, घरात तान्हं मूल झोपलं असावं तसा.

"ही मिरची. हिचे फार लाड आहेत. पारा पस्तीसच्या वर गेला की मान टाकते. मग हे बघ..."

त्याने खटका दाबला. वरच्या नळ्यांतून धुक्यासारखे तुषार सुटले. माझ्या हातांवर, गालांवर, त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब बसले. तो हसत माझ्याकडे बघत होता. मी नजर वळवायला हवी होती. वळवली नाही. किती वेळ, कोण जाणे.

मग माझ्याच तोंडून निघून गेलं. "रोपांना पस्तीसला तुषार... आणि बांधापलीकडे बाया चाळीसला."

टोमणा मारायचा नव्हता मला. खरंच नव्हता. त्याने हळूच खटका बंद केला. जाळीवरून थेंब टपकत राहिले.

"तू असं बोललीस की मला राग यायला हवा," तो म्हणाला. "येत नाही. का येत नाही, याचाच राग येतो."

चौदा एप्रिलला वस्तीत जयंती होती. संध्याकाळी बुद्धविहारासमोर निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, पोरांचं लेझीम. मी सरबताचे ग्लास भरत होते आणि समोर बघते तर विघ्नेश. एकटाच, मोटारसायकल लांब लावून आलेला, हात नेमके कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. आईने त्याला ग्लास दिला. तो एका दमात प्यायला.

"मावशी, अजून एक मिळेल?"

आईचा हात क्षणभर थांबला. त्या घरातली पोरंसोरंसुद्धा तिला 'बायडाबाई' म्हणत आली होती. तिने ग्लास भरला, काठोकाठ.

माझ्याजवळून जाताना तो पुटपुटला, "पांढऱ्या साडीत..."

"काय पांढऱ्या साडीत?"

"काही नाही. थर्मामीटर फुटला."

माझ्या हातातलं सरबत माझ्याच पायावर सांडलं.

घरी आल्यावर आई भांडी लावता लावता म्हणाली, "पोरगं चांगलं हाय. मला दिसतंय. पर तेजे, आपुन त्यांच्या रानात कामाला जातो. उद्या काय वंगाळ झालं तर त्यांचं बोलणं त्यांच्या घरात ऱ्हाईल, आपलं गावभर व्हईल. येवढं ध्यानात ठेव."

"असं काही नाहीये गं, आई."

"न्हाई तर न्हाई. पर तुझा पाय भिजलाय सरबतानं, तो तरी धू."

त्यानंतर चारच दिवसांनी ते घडलं.

टोमॅटोचा भाव एकाएकी चढला होता. तोडणी जोरात सुरू होती. रोज बाराला बाया करंजाखाली जेवायला बसायच्या, पण त्या दिवशी धर्माजी अण्णांनी सांगितलं, "आज तोडा पुरा करा. दोनची गाडी गाठायची. जेवण मागनं." अण्णा तसे कठोर माणूस नव्हते. स्वतःही क्रेट उचलत होते. पण बाजार गाठायचा म्हटलं की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

मी शेजारच्या गावात होते. दोनला दहा कमी असताना फोन वाजला.

"४२.४. करंज म्हणतोय, तुझ्या आठवणीनेच तापलोय."

मी एका पडवीत उभी राहून तो संदेश दोनदा वाचला आणि लिहिलं, "त्याला म्हणावं, एक गोळी घे आणि पडून राहा." मग एकटीच हसले. चांगलं आठवतंय मला, हसले.

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी त्याचा आवाज. "तेजू, प्रयागबाई पडल्या. ये... लवकर ये."

स्कूटीवरून मी कशी आले ते मला माहीत नाही. त्याने प्रयागबाईला उचलून रोपवाटिकेत आणलं होतं, मिरचीचे ट्रे ढकलून जमिनीवर निजवलं होतं आणि तुषार पूर्ण सोडले होते. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, डोळे अर्धे मिटलेले, काहीतरी असंबद्ध बोलत होती. आई ओल्या पदराने तिची मान, काखा पुसत होती. मी ओरडले, बर्फ आणा, गाडी आणा! गाडी एकच होती, टोमॅटो भरून उभी असलेली पिकअप. विघ्नेशने धावत जाऊन क्रेट खाली टाकायला सुरुवात केली. आणि मग मी पाहिलं, दुसऱ्या बाजूने अण्णाही क्रेट खाली ओढत होते. एक शब्द न बोलता. पिकलेले टोमॅटो बांधावरून घरंगळत गेले.

जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गार करत आणलंत म्हणून वाचल्या. संध्याकाळी प्रयागबाईने डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं, "सुट्टी झाली का?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. विघ्नेश पाण्याची बाटली घेऊन आला. शर्टाला माती, हाताला टोमॅटोचे डाग.

"तू आकडा बघितलास," मी म्हटलं. "बेचाळीस पॉइंट चार."

"हो."

"आणि त्याखाली—"

"हो."

"त्या तुझ्यापासून पन्नास पावलांवर होत्या. दिसत होत्या तुला."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण राग आला तो माझाच. "आणि मी? नोंद ठेवणारी मी! तो आकडा वाचून मला घाम फुटायला हवा होता, विघ्नेश. मी हसले. त्या मरायला टेकल्या होत्या आणि मी हसत होते."

"तेजू..."

"उद्यापासून आकडा बायाच लिहितील. तू पाठवू नकोस."

त्याने बाटली माझ्याशेजारी पायरीवर ठेवली आणि निघून गेला. पाणी मी प्यायले नाही. घरी जाताना बाटली मात्र पिशवीत घेतली.

चारही गावांतल्या बायांनी ठरवलं, एक मेला आपापल्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. उन्हाळ्याचे चार महिने बारा ते चार रानात काम नाही. सकाळी सहाला सुरुवात, मजुरी तीच. प्रत्येक रानात सावली, पाणी, आडोसा. माझी वही आता जाडजूड झाली होती. शाळेच्या पटांगणात मांडवाखाली मी उभी राहिले आणि एकेक नोंद वाचून दाखवली. दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून विघ्नेश उभा होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही. दाढी वाढली होती, एवढं दिसलं.

वाचून होताच गलका झाला. धर्माजी अण्णा उठले.

"ऊन काय आजचं हाय का? आमचं आजं-पंजं रानातच व्हतं. अन् सहाला बाया येतील? त्यांची पोरं, सैपाकपानी? दोनची गाडी चुकली तर माल कुणाला इकायचा? ते जागतिक का काय म्हणत्यात त्याचा भोग शेतकऱ्यानंच भोगायचा व्हय?"

ते अगदीच चूक बोलत नव्हते. तेवढ्यात पुढच्या ओळीतून प्रयागबाई उठली. आईच्या खांद्याचा आधार घेऊन.

"अण्णा, तुमच्या रानात मी ईस वरसं आले. पयलं ऊन वरनं लागायचं. आता आतनं लागतंय. पोरांचं अन् सैपाकाचं आमी बघू, चार वाजता उठू. पर त्या दिशी मी पडले ना... ते मला कळलंच न्हाई. दुखलं न्हाई, भ्या वाटलं न्हाई. नुसतं इझल्यावानी झालं. ध्यानात येत न्हाई अण्णा, तेच लई वंगाळ."

भिंतीजवळून आवाज आला, "मला बोलायचंय."

विघ्नेश पुढे आला. हातात कागद नव्हता. बोलायची सवयही नव्हती, ते पहिल्या वाक्यालाच कळलं.

"प्रयागमावशी पडल्या, तेव्हा बेचाळीस पॉइंट चार होतं. अण्णांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी स्वतः बघितलं. माझ्या रोपांसाठी मी पस्तीसला पाणी सोडतो. बेचाळीसला मी बांधावरून नुसती हाक मारली असती, तर..." तो थांबला. "नाही मारली. मी आकडा लिहिला आणि थट्टा केली. म्हणजे मला आकडे कळत होते, माणसं कळत नव्हती. दोनची गाडी चुकेल म्हणता, तर संध्याकाळची लावू. पाच-सहा जणांचा माल एकत्र केला तर गाडीवाला येतो, मी विचारलंय. ठरावाला पहिला हात माझा."

त्याने हात वर केला. खाली बघत. मला आठवलं... छे, काय आठवलं ते राहू दे. माझे डोळे भरून आले होते आणि समोर सगळं गाव बसलं होतं.

एकेक करून हात वर झाले. ठराव पास झाला. चार गावांपैकी आमच्यासह दोनच गावांत, पण झाला. अण्णांनी हात वर केला नाही. टोपी नीट करून ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला बाया त्यांच्या रानावर पोचल्या, तेव्हा अण्णा आधीच बांधावर उभे होते.

"या," ते म्हणाले. "ऊन व्हायच्या आत उरका." आणि साडेअकराला त्यांनीच, कुणाकडेही न बघता, सुट्टीची हाक दिली.

मला वाटलं, आता तरी त्याचा संदेश येईल. रोज दोन वाजता माझा हात उगाच फोनकडे जाई. काहीच येत नसे. रस्त्यात दिसला तर तो मान हलवी, मीही हलवी. लोकांना चार शेतकरी ठरावासाठी एकत्र आले याचं नवल नव्हतं, आमच्या दोघांच्या हलणाऱ्या मानांचंच होतं. कुजबुज वस्तीत पोचली, गावठाणातही पोचली असणार.

मेच्या शेवटी संस्थेने विचारलं, आंबेगावच्या डोंगरातल्या गावांत जाशील का? पार आहुप्यापर्यंत. तिथे झरे आता फेब्रुवारीतच आटतात. बाया दोन-दोन तास उतरून पाणी आणतात. त्यांच्या हातात वही द्यायची होती. घोडेगावात खोली, एक वर्षाचं काम. मी हो म्हटलं. आईने लोणच्याची बरणी बांधून दिली आणि तोंड फिरवून म्हणाली, "जा. लांब हाय का काय!"

जुन्नरच्या स्टँडवर सकाळी नऊला मी पिशव्या घेऊन बाकावर बसले होते. गाडी लागायला वेळ होता. तेवढ्यात गर्दीतून तो आला. धापा टाकत, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"जातेयस आणि सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"तूच म्हणालीस, पाठवू नकोस."

"आकडा पाठवू नकोस म्हणाले होते!" माझा आवाज चढला. शेजारच्या आजीने वळून पाहिलं. मी हळू आवाजात म्हटलं, "बाकीचं पाठवू नकोस, असं कधी म्हणाले?"

तो बाकावर बसला, माझ्यापासून एक पिशवीचं अंतर ठेवून.

"मी काल तुझ्या घरी गेलो होतो. तू जुन्नरला होतीस तेव्हा."

"आई बोलली नाही मला!"

"मीच नको म्हटलं. मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मला काय इचारतो? जिचं हाय तिला इचार.' चहा दिला. साखर फार होती."

"तिला टेन्शन आलं की साखर जास्त पडते." मला हसू आलं आणि रडूही. "आणि अण्णा?"

त्याने शर्टाची बटणं नीट लावायला घेतली. "त्यांना आधीच सांगितलं. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, 'भावकी तोंडात शेण घालंल. आन् बायडाबाईला इतकी वरसं हुकूम सोडला, आता तिच्याम्होरं याही म्हणून कुठल्या तोंडानं बसू?' हो म्हणाले नाहीत, तेजू. खोटं सांगणार नाही. पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. "विघ्नेश, मी कुणाचे उपकार म्हणून तुमच्या घरात येणार नाही. माझ्या आईला खाली बसायला लागेल, अशा घरात तर नाहीच."

"मी घरात ये म्हणतच नाहीये अजून. ते घर आधी मला नीट करायचंय. वेळ लागेल." त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली न घालता. "मला तू आवडतेस. रोज आवडतेस. तू रागावलेली असताना जरा जास्तच. मी फक्त विचारतोय, आज... मी तुझ्याबरोबर येऊ का?"

"घोडेगावला? येऊन करणार काय?"

"पिशव्या उचलीन. संध्याकाळच्या गाडीनं परत येईन."

घोडेगावची गाडी लागली. गर्दी दाराकडे लोटली. त्याने दोन्ही पिशव्या उचलल्या, लोणच्याची बरणी पोटाशी धरली आणि माझ्याआधी चढून खिडकीची जागा अडवली. मी मागून आले. तो उठून उभा राहिला, मला खिडकीशी बसू दिलं आणि स्वतः शेजारी बसला. मधे पिशवी नव्हती.

उत्तर मात्र मी अजून दिलं नव्हतं. सभेत गावाला बोलून दाखवणारी मी, घशाशी आलेला एक शब्द बाहेर काढू शकत नव्हते. तो बरणी मांडीवर घेऊन समोर बघत बसला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

गाडी हलली. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आमच्यापाशी आला.

"बोला, कुठं?"

"घोडेगाव," विघ्नेश म्हणाला.

"एक फुल." कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. "आन् ताई, तुमचं महिला तिकीट. ह्यांच्यातच का येगळं?"

विघ्नेशने श्वास रोखला. मला तो ऐकू आला.

"एकत्रच द्या," मी म्हटलं.

मशीनमधून कागद सरसर बाहेर आला. कंडक्टर पुढे गेला. विघ्नेश काहीतरी बोलायला वळला, आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"काही बोलू नकोस. नारायणगाव येईपर्यंत तरी. मला जरा खिडकीबाहेर बघू दे."

तो काही बोलला नाही. आणि मी नारायणगाव येईपर्यंत एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.